'खुजं नेतृत्व' म्हणताना आपण नक्की काय मोजतो?

कॅमेऱ्यामागचा (धागाकर्ता)

गेली सतरा वर्षं बातम्यांच्या कॅमेऱ्यामागे उभा आहे. मागच्या एका निवडणुकीत तालुक्याच्या गावी दोन उमेदवारांची समोरासमोर चर्चा ठेवली होती. एक सहा फुटाला टेकलेला, दुसरा जेमतेम पाच-दोन. फ्रेम लावली तर उंचाचं डोकं कापलं जातंय, नाहीतर बुटक्याच्या डोक्यावर हातभर आभाळ. कानात निर्माता ओरडला, "त्याला कशावर तरी चढव रे, शेजारी पोरगं उभं केल्यासारखं दिसतंय." मंडपवाल्याकडून कोल्ड्रिंकचा रिकामा क्रेट आणला, पालथा घातला, वर सतरंजीची घडी. उमेदवार मुकाट चढला. पाण्याच्या टँकरची बिलं कशी फुगवली जातात ते तो कागद दाखवून सांगत होता, आणि चांगलं सांगत होता. बोलण्याच्या भरात एक पाऊल पुढे टाकलं आणि फ्रेमच्या खालीच गेला. पडला नाही. नुसता दिसेनासा झाला.

तेवढे चार सेकंद संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरले. वर ओळ: 'खुजं नेतृत्व'. टँकरचं कुणीही विचारलं नाही. क्रेट मी ठेवला होता, म्हणून हे अजून डोक्यातून जात नाही.

कोत्या मनाचा तो 'खुजा', थोर तो 'उत्तुंग'. 'त्यांच्यावर बोलण्याइतकी यांची उंची नाही' हे वाक्य पत्रकार परिषदेत इतक्यांदा रेकॉर्ड केलंय की आता ते झोपेतही ऐकू येतं. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हाही हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. म्हणजे कौतुकही डोंगराच्या मापातच. (कळसूबाई १६४६ मीटर, हिमालयासमोर आपणच बुटके, पण ते जाऊ दे.) रंगावरून, व्यंगावरून बोलताना निदान कॅमेरा चालू असताना तरी लोक आता जीभ आवरतात. बुटक्या पुरुषाच्या बाबतीत मात्र मोकळं रान. असं का?

चहाबाज

अहो, रूपक आहे ते. उद्या 'आंधळा कारभार' नको, 'लंगडं समर्थन' नको, 'बहिरं सरकार' नको. मग अग्रलेख काय मुक्याने लिहायचे? (बघा, हाही गेला.) शास्त्रीजी पंतप्रधान झाले. गावसकर आणि सचिन, दोघंही पाच-पाचच्या आसपास, अख्खा देश डोक्यावर घेऊन नाचला. कुणाचं काय अडलं? आपल्याकडे म्हणच आहे, मूर्ती लहान पण कीर्ती महान.

निळी शाई

त्या म्हणीतला 'पण' जरा परत वाचा चहाबाज. सहा फुटी माणसाबद्दल 'मूर्ती मोठी आणि कीर्तीही महान' असं कुणी म्हणतं का? तिथे 'पण' लागत नाही, कारण आश्चर्य वाटत नाही. शास्त्रीजींचंच घ्या. पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या चणीवरून देशात आणि देशाबाहेर काय कमी टिंगल झाली? पाकिस्तानचे अयूब खान स्वतः धिप्पाड, त्यांनी या लहानखुऱ्या, हळू बोलणाऱ्या माणसाला कच्चं धरलं. सप्टेंबर १९६५ मध्ये आपल्या फौजा लाहोरच्या रोखाने सरहद्द ओलांडून गेल्या तेव्हा हिशेब चुकल्याचं कळलं.

आणि दुसरी म्हण विसरलात. 'जेवढा जमिनीवर तेवढाच जमिनीखाली.' आमच्या वाड्यात एक काका होते, साधे सरळ, पोस्टात. आयुष्यभर त्यांच्याबद्दल हेच ऐकलं. कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत बिचाऱ्यांनी.

चहाबाज

म्हणीत उंचांचीही खैर नाही. 'लंबूटांग्या' कुणाला म्हणतात? 'उंच वाढला एरंड' कुणाबद्दल? आम्ही कधी धागे काढले नाहीत.

मैदानावरून

गावसकरांचं उदाहरण उलट बाजूने पडतं. १९७१ साली वेस्ट इंडिजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा. समोर धावफलक होता, त्यावर आकडा होता, वाद संपला. 'लिटल मास्टर' मधलं 'लिटल' तेव्हा लाडाचं झालं, आधी नाही. राजकारणात, टीव्हीवर धावफलक नसतो. माणूस कसा आहे हे दहा सेकंदांत ठरवायचं असतं, मग डोळा आपोआप फूटपट्टी काढतो.

आकडेमोड

इथे थोडी माहिती टाकतो. टिमोथी जज आणि डॅनियल केबल या संशोधकांचा २००४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: अमेरिकेत लिंग, वय, वजन हिशेबात घेऊनही दर इंच उंचीमागे वर्षाला सुमारे ७८९ डॉलर जास्त मिळकत. पण त्याच वर्षी पर्सिको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोऱ्या अमेरिकी पुरुषांत पगाराशी खरा संबंध लागतो तो सोळाव्या वर्षीच्या उंचीचा, आजच्या उंचीचा नाही. म्हणजे शाळेत मागच्या रांगेत उभा राहणारा, टीममध्ये घेतला जाणारा पोरगा पुढे धीट होतो. नंतर कॉलेजात चार इंच वाढलात तरी तो धीटपणा मागाहून येत नाही.

२००८ मध्ये केस आणि पॅक्सन या अर्थतज्ज्ञ म्हणाल्या की हा पूर्वग्रह नाहीच, लहानपणी नीट खायला मिळालेली मुलं उंचही होतात आणि चाचण्यांतही पुढे असतात. हे मान्य केलं तर आपल्याकडे प्रकरण आणखी वाईट होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. त्यांतलंच कुणी वीस-पंचवीस वर्षांनी सभेत बोलायला उभं राहील आणि आपण त्याला 'दीडफुट्या' म्हणू.

खडूस आजोबा

'उंच उमेदवार जिंकतो' हे अमेरिकेचं तुणतुणं आता येईलच, म्हणून आधीच. १९७६ ला कार्टरनी उंच फोर्डना हरवलं. २००० ला गोर आणि २००४ ला केरी, दोघंही धाकट्या बुशपेक्षा उंच, दोघंही हरले. ज्यांना मतं द्यायची ते देतात. नेपोलियनसुद्धा बुटका नव्हता. ५ फूट २ इंच हे फ्रेंच माप, आजचे १६८ सेंटिमीटर भरतात. इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला बुटका केला.

आता खरं सांगा, धागाकर्त्याची उंची किती?

निळी शाई

आजोबा, शेवटचं वाक्य तुमच्याच विरुद्ध गेलं. युरोप तुडवणाऱ्या माणसाला लहान करायचं तर व्यंगचित्रकाराला हेच सुचलं, आणि दोनशे वर्षं टिकलं. अमेरिकेच्या १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीचंही सांगायचं राहिलं. वादाच्या मंचावर डुकाकिस यांच्या बाजूला पाय ठेवायला उंचवटा करून दिला होता, समोर थोरले बुश सहा-दोन. धागाकर्त्यांचा क्रेट आणि तो उंचवटा एकाच जातीचे.

कॅमेऱ्यामागचा

आजोबा, माझी १७९ सेंटिमीटर. पहिल्या पंधरा मिनिटांत हा प्रश्न येईल अशी निर्मात्याशी पैज लावली होती. थोडा उशीर झाला.

भरतीवाला

मी पोलीस भरतीला गेलो होतो. पुरुषांना १६५ सेंटिमीटर लागतात. उंची सकाळी जास्त भरते म्हणून आम्ही पोरं रात्रभर मैदानाच्या कडेला सपाट झोपून राहिलो, मोजायच्या ओळीतसुद्धा बसलो नाही. पट्टी डोक्यावर टेकली, १६४.५. साहेब म्हणाला, "श्वास घेऊन बघ." श्वास घेतला. १६४.५ च.

वाईट वाटलं, पण राग आला नाही, कारण नियम जाहिरातीत छापलेला होता. बायकांना वेगळा आकडा, तोही छापलेला. बरोबर की चूक यावर कोर्टात जाता येतं. नंतर एका ठिकाणी बातम्या वाचायला चाचणी दिली. आवाज आवडला, उच्चार आवडले. "कळवतो" म्हणाले. बाहेर पडताना एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बसून वाचेल तेवढं ठीक, उभं राहून बुलेटिन असलं तर?" हे कुठल्या जाहिरातीत होतं?

चहाबाज

भरतीवाले, हे चूकच आहे. पण ती नोकरी देणाऱ्याची चूक, शब्दाची नाही. त्यासाठी कायदा मागा ना. भाषेला कशाला हात लावता?

आकडेमोड

कायदा आहे, आपल्याकडे नाही इतकंच. अमेरिकेत मिशिगन राज्याने १९७६ मध्येच भेदभावविरोधी कायद्यात उंची आणि वजन घातलंय. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये.

खडूस आजोबा

आपल्याकडे आधी जातीचा कायदा नीट पाळा, मग इंचांचं बघू. रांगेत कोण पुढे याला काही अर्थ आहे की नाही?

निळी शाई

रांगेचं बोलणं मान्य आहे. लग्नाच्या बाजारात, कॅमेऱ्यासमोर बाईच्या अंगाचा इंच न् इंच मोजतात, ते याहून जास्त आहे, हेही लिहून ठेवते. फक्त पुरुषाने तक्रार केली की 'त्याला न्यूनगंड आहे' म्हणायचं आणि गप्प बसला की 'बघा, काही अडत नाही' म्हणायचं, असं दोन्हीकडून नको.

मैदानावरून

धागाकर्ते, त्या टँकरवाल्याचं पुढे काय झालं?

कॅमेऱ्यामागचा

पडला. क्रेटमुळे असं म्हणणार नाही, समोरचा तीन वेळा निवडून आलेला होता. पण त्यानंतर मी दोघांना उभं करत नाही. खुर्च्या मागवतो. उंचीचा बराचसा फरक पायांत असतो, बसवलं की निम्मा तिथेच मिटतो. ट्रायपॉडही थोडा खाली घेतो. निर्माता म्हणतो, बसल्यावर चर्चेला जोर येत नाही.

चहाबाज

बरं, तडजोड. माणसाकडे बघून 'बुटका' मी म्हणणार नाही. कोत्या मनाला 'खुजं' मात्र म्हणणार, तो शब्द मला लागतो.

निळी शाई

कोतं म्हणा की. आत्ताच लिहिलंत.