गेट बाय, मेक डू, कोप, मॅनेज... नक्की कुठे काय वापरतात?

वॉर्डवाली_ताई
नमस्कार मंडळी, मी नर्स आहे, सध्या इंग्लंडमध्ये वॉर्डवर काम करते. ओईटी (नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा) पास होऊन आलेय त्यामुळे इंग्रजीचं तसं अडत नाही, पण इथल्या म्हाताऱ्या पेशंटना घरी सोडायच्या आधी आम्हाला विचारावं लागतं की जिना चढता येतो का, जेवणाचं काय करता, आणि उत्तरं अशी येतात की फॉर्मवर काय लिहू तेच कळत नाही. कोणी म्हणतं आय गेट बाय, कोणी आय मेक डू, एक आजी तर कायम ओह, आय मॅनेज. आपल्याकडे कोणी "मी करते मॅनेज" म्हटलं की विषय संपला, पण इथे सिनियर सिस्टर म्हणाल्या, मॅनेज म्हणाल्या ना, मग अजून खोदून विचार. डिक्शनरीत सगळ्यांपुढे आपलं निभावणे, भागवणे. नीट फरक सांगा ना कोणीतरी.

इंग्रजीचे_सर
ताई, आधी बघायचं की कमी कशाची आहे.

पैशाची असेल तर गेट बाय, आणि पुढे ऑन लावून उत्पन्न सांगतात, शी गेट्स बाय ऑन हर पेन्शन, म्हणजे पेन्शनवर भागतं बाईंचं. स्क्रेप बाय म्हटलं की ओढाताण आहे, महिनाअखेर हात रिकामा. मेक एन्ड्स मीट म्हणजे आपली जमाखर्चाची तोंडमिळवणी, आणि ती होत नाहीये हे सांगायलाच ते जास्त वापरतात, वुई आर स्ट्रगलिंग टू मेक एन्ड्स मीट.

मेक डू हे वस्तूचं. हवी ती नाही, आहे त्यावर भागवायचं, पुढे विथ लागतं. तुमच्या पेशंटच्या तोंडी ते असणारच, कारण महायुद्धात तिकडे 1941 पासून कपड्यांचं रेशनिंग होतं आणि 1943 मध्ये सरकारने मेक डू अँड मेंड नावाची पुस्तिकाच काढली होती, जुने कपडे कसे सांधायचे, उसवून त्याचं दुसरं काय शिवायचं, असं सगळं त्यात. आज जे नव्वदीच्या आसपास आहेत ते त्या घरांतच वाढलेत.

कोप हे मनावरच्या ताणाचं. नवरा गेलाय, घरात डिमेन्शियाचा पेशंट आहे, अशा वेळी विचारतात हाऊ आर यू कोपिंग. आणि कृपा करून सगळ्यांनीच ऐका, कोप विथ, फक्त कोप विथ! आपल्याकडे शिकलेसवरलेले लोक सर्रास कोप अप विथ लिहितात, बहुतेक कीप अप विथची भेसळ आहे ती. त्यातलं अप काढून टाका.

मँचेस्टरकर
सरांनी छान सांगितलंय, मी फक्त बोलण्याच्या ढंगाबद्दल लिहितो. इथल्या जुन्या माणसांना रडगाणं गायलेलं आवडत नाही, मस्टन्ट ग्रम्बल म्हणतात आणि गप्प बसतात. त्यामुळे मॅनेज म्हणजे मजेत आहे असं अजिबात समजू नका, बऱ्याचदा ते "कसंबसं चाललंय" असतं. आणि मागे जस्ट अबाउट आलं की जेमतेमच. 2016 मध्ये थेरेसा मे पंतप्रधान झाल्या तेव्हा पंतप्रधान निवासाच्या दारातल्या पहिल्याच भाषणात कष्टकरी कुटुंबांना उद्देशून म्हणाल्या होत्या, यू कॅन जस्ट अबाउट मॅनेज, मग अशा घरांना जॅम (जस्ट अबाउट मॅनेजिंगची आद्याक्षरं) हे नावच पडलं.
आय मॅनेज ऐकलं की होय-नाहीचे प्रश्न सोडून द्या, काल रात्री काय जेवलात, कुठे झोपलात असं विचारा.

पुण्याची_स्टाफनर्स
अजून एक, पुल थ्रू. नातेवाईक आयसीयूबाहेर विचारतात विल ही पुल थ्रू, तेव्हा ते विचारत असतात की वाचतील ना? तिथे उगाच येस येस म्हणायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. स्क्रेप थ्रू मात्र वेगळं हां, ते काठावर पास होणं.

वॉर्डवाली_ताई
खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 आज त्या आजींना रात्री कुठे झोपता विचारलं, तर म्हणाल्या खालच्या खुर्चीत, जिना चढणं कधीच सोडलंय, आणि पाय त्यामुळेच सुजलेत बहुतेक. म्हणजे इतके दिवस त्या जे मॅनेज म्हणत होत्या ते हे होतं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (पेशंटला घरातली रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे) लगेच कळवलंय, घरी सोडायच्या आधी खाली बेडची सोय होते का बघणार आहेत. बाजूचे आजोबा वुई मडल थ्रू म्हणतात, ते पण यातलंच का?

इंग्रजीचे_सर
हो यातलंच. धड प्लॅन नाही, अडखळत, चुकतमाकत पण पार पडतंय. ते वुई म्हणाले ना, मग घरी दुसरं कोण आहे आणि त्यांची तब्येत कशी आहे तेही विचारून घ्या.