मदत हवी आहे: प्रेसमध्ये बोटं गेली, मालक 50 हजार म्हणतोय, खरे किती?

रेखा_भोसरी: माझ्या भावाची उजव्या हाताची दोन बोटं पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापायच्या मशीनमध्ये) गेली. मालकाने हॉस्पिटलचं बिल भरलं, आता म्हणतो 50 हजार घे आणि स्टॅम्पपेपरवर सही कर. सोमवारी उत्तर द्यायचंय. कोणीतरी नीट आकडा सांगा प्लीज.

जुना_फिटर: ताई वय किती, पगार किती, अपघात कधीचा, बोटं कुठली ते तरी लिहा.

रेखा_भोसरी: 27, पगार 18 हजार, मार्च 2025. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

लेबरकोर्ट_वकील: अपघात मार्च 2025 चा, म्हणून तेव्हा लागू असलेला 1923 चा वर्कमेन कॉम्पेन्सेशनचा (कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा) कायदा. पगार 18 असला तरी हिशोबाला 15 हजारच धरतात. त्याचे 60 टक्के 9000, गुणिले 27 वयाचा फॅक्टर 213.57, म्हणजे 19,22,130. हे कायमच्या पूर्ण अपंगत्वाचे. एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के, 3,84,426.

प्रेसलाईन: अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाला 14 टक्के आणि मधल्याला 12 आहे ना कायद्याच्या तक्त्यात? 26 होतात की.

लेबरकोर्ट_वकील: दोन बोटांची वेगळी ओळ असताना बेरीज कशाला धरतील.

साधा_माणूस: कोर्टात वर्षं जातात, मेव्हण्याचं बघितलंय. लाखभर मागा आणि मोकळे व्हा.

जुना_फिटर: पोराचा उजवा हात गेलाय आणि तुम्ही लाखात मिटवताय! महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

वाघोलीकर: रविवारी फिरायला जाताना ट्रकने बाईक उडवली, मला पण हाच फॉर्म्युला का?

जुना_फिटर: नाही हो, तुमचं मोटार अपघात न्यायाधिकरणात. वेगळा धागा काढा.

निशा_एचआर: ईएसआय (सरकारी कामगार विमा) पगारातून कापतात का ते कोणी विचारलंच नाही! पगार 21 हजारांच्या आत आहे, ईएसआय लागू असेल तर हा दावा चालतच नाही, पैसे तिकडून.

रेखा_भोसरी: ईएसआय नाही, शेडमध्ये सहा-सातच जण आहेत. आणि बोटं पूर्ण नाही गेली, पहिल्याची वरची दोन पेरं आणि मधल्याचं एक. मालक म्हणतो भाऊ गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी) काढून काम करत होता, पण त्या मशीनला गार्ड कधी नव्हताच!!

लेबरकोर्ट_वकील: पेरांचं आधी सांगायला हवं होतं. मग तक्त्यात पहिल्याच्या दोन पेरांचे 11 आणि मधल्याच्या एकाचे 7, म्हणजे 18 टक्के, साधारण 3,45,983. हॉस्पिटलचं बिल यातून वजा होत नाही. गार्ड सेफ्टीसाठी आहे हे माहीत असून भावाने मुद्दाम काढला, हे मालकाला सिद्ध करावं लागेल. मशीनचे फोटो आजच काढा, सोबतच्या कामगारांशी बोला.

प्रेसलाईन: दोन्ही हातांनी दाबायचं स्विच बसवलं असतं तर हात आत गेलाच नसता, किती खर्च येतो त्याला! आणि 18 टक्क्यांवर थांबू नका. डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराला 1975 मध्ये सुप्रीम कोर्टाने पूर्ण अपंगत्व धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. भाऊ नक्की काय काम करायचा?

रेखा_भोसरी: डाय सेटिंग, म्हणजे प्रेसमध्ये साचे बसवायचं काम. आता पाना पण धरता येत नाही त्याला.

लेबरकोर्ट_वकील: मग ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, हा मुद्दा मांडता येईल. अर्ज दोन वर्षांच्या आत, पुण्यात कामगार न्यायालयात. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दच असतो, तरी स्टॅम्पपेपरवर सही करू नका, नंतर त्यावरच भांडत बसावं लागतं.