जुन्या 'जनता'वर नवी डायल: जतन की मोडतोड?

तापीकाठ, भुसावळ

परवा जळगावला फुले मार्केटजवळ एका गाडीवर एचएमटीच्या सात 'जनता' (चावीची जुनी मनगटी घड्याळं) ओळीनं मांडलेल्या दिसल्या. सातही चालू, आणि सातही रंगवलेल्या. पोपटी, निळी, भगवी, एकीवर तर तिरंगा. विकणारा माणूस सरळ होता, मी विचारायच्या आधीच म्हणाला, "डायल नवी आहे भाऊ, मशीन जुनं." तरी मन खट्टू झालं. घरी येईपर्यंत तोच विचार डोक्यात होता, म्हणून इथं मांडतो.

एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं मनगटी घड्याळं करायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. म्हणजे त्या काळच्या चावीच्या जनता जेवढ्या व्हायच्या तेवढ्या होऊन गेल्या. आता त्या फक्त कमी होणार. मूळ डायल एकदा घासली की तिचा पिवळेपणा, घामानं कडेला उठलेले ठिपके, काटे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबल्यानं उमटलेली सावली, सगळं जातं. ते पुन्हा छापता येत नाही.

ज्याला मनासारख्या रंगाचं, जुन्या धाटणीचं घड्याळ हवंय त्यानं ते नव्या भागांतून जोडावं, असं माझं मत आहे. मी तीन वर्षांत चार जोडली. बहुतेकांत सिकोचं एनएच३५ मशीन, २४ ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे), तासाला २१,६०० ठोके. डायल वेगळी मागवायची, केस (बाहेरचं कवच) वेगळी, काटे वेगळे. काट्यांची भोकं बरोबर हवीत: तासकाट्याला दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याला ०.९, सेकंदकाट्याला ०.२. काटे बसवण्याआधी चावी फिरवत राहायचं, तारीख पालटली की थांबायचं आणि तासकाटा बरोबर बारावर दाबायचा. नाहीतर तारीख दुपारी तीनला बदलते. चावीची दांडी कापताना माझ्या दोन दांड्या आखूड झाल्या आणि वाया गेल्या. पण झाकण लावलं, घड्याळ कानाला धरलं, तो पहिला आवाज ऐकल्यावर रात्री झोप लागली नाही. हा आनंद जुनं घड्याळ न बिघडवता मिळतो. मग जुन्याला हात कशाला लावायचा?

सुवर्णनगरी, जळगाव

तापीकाठभाऊ, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मत पटलं नाही. माझे काका जिनिंगमध्ये मुकादम होते. त्यांची जनता विहिरीवर भिजली, आत पाणी शिरलं आणि डायल काळीठिक्कर पडली. काका गेल्यावर ती आठ वर्षं कपाटात पडून होती. मी मशीन साफ करून घेतलं, डायल पांढरी करून घेतली आणि घातली. काकूनं पाहिलं, हात धरला आणि म्हणाली, "हाई तुना काकानं घड्याय शे ना?" तिनं ओळखलं. नव्या डायलसकट ओळखलं.

तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतो तेव्हा ते भांडं खोटं होतं का? काळी डायल घेऊन कपाटात बसलेल्या घड्याळापेक्षा मनगटावर चालणारं घड्याळ मला जास्त खरं वाटतं.

तापीकाठ, भुसावळ

काकूंचं वाचून गलबललो. पण कल्हई आपण आतून लावतो, भाऊ. भांड्यावर कोरलेलं नाव आणि लग्नाची तारीख कोणी घासून काढत नाही. डायल म्हणजे ते कोरलेलं नाव. तुमच्या काकांच्या डायलवर काही उरलंच नव्हतं, तिथं माझा आक्षेप ढिला पडतो हे मान्य. पण त्या गाडीवरच्या सातांपैकी किती डायली खरंच गेलेल्या असतील? रंगीत घड्याळ पटकन विकलं जातं म्हणून चांगल्या डायलीही घासल्या जातात.

पूज्यपूज्य, अमळनेर

दोघांशीही माझा वाद आहे, त्यातही तापीकाठ यांच्याशी जास्त. चार सुटे भाग आणून एका केसमध्ये बसवणं म्हणजे घड्याळ बनवणं नव्हे. त्याला जोडणी म्हणा. आणि त्याला जुन्या धाटणीचं म्हणायचं असेल तर आकार तरी जुना हवा. जनताची केस सुमारे ३५ मिलिमीटरची. चावीचं मशीन हवं म्हणून बरेच हौशी चिनी सीगल कंपनीचं एसटी३६ घेतात. ते खिशातल्या घड्याळासाठी झालेल्या स्विस युनिटास ६४९७ चं रूप आहे आणि ते नुसतं मशीनच ३६.६ मिलिमीटरचं आहे. अख्ख्या जनतापेक्षा मोठं! त्याभोवती केस चढली की मनगटावर वाटी बांधल्यासारखं दिसतं.

याहून मला खटकते ती मुद्दाम आणलेली जीर्णता. अंधारात चमकणारा रंग नवा असतानाच चहासारखा पिवळट करायचा, डायलला डाग पाडायचे. वय हे घालून मिळवायचं असतं. काही न भोगलेल्या घड्याळाला भोगल्याच्या खुणा देणं आणि जुन्या घड्याळाच्या खुणा पुसणं या दोन्ही गोष्टी मला सारख्याच वाईट वाटतात.

तापीकाठ, भुसावळ

आकाराचं बरोबर आहे. माझं एक घड्याळ एसटी३६ चं आहे आणि ते ४२ मिलिमीटरचं झालंय. म्हणून पुढचं मियोटा ८२१५ वर करतोय. २६ मिलिमीटरचं मशीन आहे, ३६-३७ च्या केसमध्ये बसतं, आपोआप चालतं आणि चावीही देता येते. मियोटा सिटिझनचीच, म्हणजे ज्या घराकडून एचएमटी शिकली त्याच घरचं मशीन. हे मला मनापासून आवडलं. खोटा पिवळेपणा मीही वापरत नाही.

पण "नुसती जोडणी" यावर थोडं अडतो. काटा वाकडा बसला की घड्याळ का थांबतं, धुळीचा एक कण डायलवर किती मोठा दिसतो, हे हात लावल्याशिवाय कळलं नसतं. आणि आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद करून काम करावं लागतं, पंखा धूळ उडवतो म्हणून. ४४-४५ अंशांत घामाचा थेंब भिंगावरून ओघळतो.

घड्याळजीची लेक, धुळे

माझे बाबा पाचकंदीलजवळ चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचं टेबल बघत मोठी झाले, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तापीकाठभाऊ, जुन्याला हात लावू नये, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. हात लावल्याशिवाय जुनं घड्याळ चालतच नाही. चावीच्या घड्याळाचं तेल काही वर्षांत सुकतं, आपल्या उन्हाळ्यात आणि कापसाच्या धुळीत तर फार लवकर. सुकलेल्या तेलात धूळ मिसळली की तिची घासणारी पेस्ट होते आणि चाकांच्या टोकांना खाते. न घालता पेटीत ठेवलेलं घड्याळही यातून सुटत नाही. संग्रहातली तीस घड्याळं मखमलीत ठेवणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

आता भागांचं. बॅलन्सची (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची) दांडी मोडली किंवा हेअरस्प्रिंग (त्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) गुंतली तर जनतासाठी नवा भाग कंपनीतून येणार कुठून? तो दुसऱ्या मेलेल्या जनतातून येतो. बाबांकडे औषधाच्या रिकाम्या बाटल्या आहेत, प्रत्येकीवर चिठ्ठी: "चाकं", "पॅलेट", "बॅलन्स चांगले", "बॅलन्स बघून". त्या बाटल्यांवर धुळे, साक्री, शिरपूरची कितीतरी घड्याळं आज चालू आहेत. तुमच्या नियमानं चाललो तर तीही बंद पडतील. एक मेलेलं घड्याळ मोडून दुसरं चालवणं, याला आमच्याकडे मोडतोड कोणी म्हणत नाही.

डायलच्या बाबतीत मात्र बाबा तुमच्या बाजूचे आहेत. गिऱ्हाईक म्हणालं "रंगवून द्या", तर ते आधी मऊ ब्रशनं धूळ झटकून देतात आणि म्हणतात, आठवडाभर घालून बघा. काच बदलली की निम्मे लोक डायलचं नाव काढत नाहीत. मळकट दिसत असते ती ओरखडलेली काच. प्लास्टिकची असल्यानं ती पॉलिशनं उजळतेही.

केळीबाग, रावेर

मला फसवलं गेलंय, म्हणून बोलतो. ऑनलाइन एक एचएमटी घेतली, "जुन्या साठ्यातली, न वापरलेली" अशी जाहिरात होती. आली तेव्हा दिसायला देखणी. दहापट भिंगाखाली धरली तर अक्षरांच्या कडा फाटलेल्या, मिनिटांच्या रेघा कुठं जाड कुठं बारीक. मागचं झाकण उघडून मशीन काढलं तर डायलचे पाय (तिला मशीनवर बसवणाऱ्या मागच्या खुंट्या) कापलेले आणि ती गोंदानं चिकटवलेली. केस इतकी घासलेली की पट्टा बसतो त्या कानांच्या धारा गोल झालेल्या. बाहेरच्या देशातले संग्राहक अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात हे नंतर कळलं आणि फार लागलं. आपल्या हातच्या कामाला असं नाव पडावं?

रंगवा, जोडा, काहीही करा. पण विकताना सांगा. जळगावच्या गाडीवरचा तो माणूस माझ्या लेखी कुठल्याही चकचकीत जाहिरातीपेक्षा मोठा.

सुवर्णनगरी, जळगाव

केळीबाग यांचं शंभर टक्के मान्य. पण एक प्रश्न सगळ्यांना: मूळ डायलचा एवढा आग्रह धरल्यावर मूळ डायलच्या घड्याळांच्या किमती चढतात आणि ज्याच्या आजोबांची आठवण आहे त्यालाच ते परवडत नाही, याचं काय? माझ्या काकांना हे घड्याळ हौस म्हणून नको होतं, पाळीवर वेळेत पोचायला हवं होतं. 'जनता' हे नावच त्यासाठी होतं.

सातपुडा_नवा, नवापूर

सगळं वाचतोय. आजोबांचं एक स्विस घड्याळ सापडलंय, घरचे म्हणतात १९५० च्या आसपास घेतलं असावं. आकड्यांवरचा रंग जळल्यासारखा तपकिरी झालाय, अंधारात मुळीच चमकत नाही. तो खरवडून नवा चमकणारा रंग भरू का? सुई आणि भिंग आहे माझ्याकडे.

घड्याळजीची लेक, धुळे

नाही! सुई खाली ठेव, दादा. त्या काळातल्या चमकणाऱ्या डायलवर बऱ्याचदा रेडियम असायचं. अंधारात चमकत नाही म्हणजे ते संपलं असं समजू नकोस. त्यातला चमकणारा जस्ताचा क्षार थकून गेलेला असतो, रेडियमचं किरणोत्सर्जन मात्र चालूच राहतं. ते निम्मं व्हायलाच १,६०० वर्षं लागतात. खरवडलंस तर त्याची भुकटी श्वासातून शरीरात जाईल, खरा धोका तो. झाकण उघडू नकोस, काच काढू नकोस, झोपायच्या खोलीत ठेवू नकोस. जाणकाराकडे ने, आणि आकड्यांबद्दल त्याला आधीच सांग, नाहीतर तोही बेसावध उघडेल.

तापीकाठ, भुसावळ

ताई, तुमचं "सुकलेलं तेल" वाचून माझी पेटी उघडली. एक जनता आहे, केस गंजून चाळणी झालेली, पण बॅलन्स अजून झुलतो. दोन वर्षं जपून ठेवली होती, कशासाठी ते मलाही सांगता येत नाही. बाबांच्या बाटलीत तिचा उपयोग होईल का? पुढच्या रविवारी धुळ्याला येतोय. डायल तेवढी मी ठेवून घेतो, ती अजून चांगली आहे.

घड्याळजीची लेक, धुळे

बॅलन्स बाबा आनंदानं घेतील. पण डायलही आणा. पायांसकट असलेली मूळ डायल मिळत नाही म्हणूनच लोक रंगवून घेतात.

सुवर्णनगरी, जळगाव

भाऊ, ती पांढरी आहे का? पाय शाबूत असतील तर काकांच्या घड्याळावर चढवायला मी तयार आहे. आधी फोटो टाका, काकूला दाखवतो.