पायथॉनच्या नवीन प्रोजेक्टला अजून युनिटटेस्ट कशाला? पायटेस्ट का नको?

रात्रपाळी:
टीममध्ये दोन आठवडे यावरून वाद चाललाय म्हणून इथे विचारतेय. बिलिंगची नवीन सर्व्हिस लिहायला घेतलीये आणि आमचे सिनियर म्हणतात टेस्ट युनिटटेस्टमध्येच लिहायच्या, कारण तो पायथॉनसोबतच येतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. माझं मत, नवीन कोड असेल तर पायटेस्टच, म्हणजे टेस्ट लिहायची-चालवायची वेगळी इन्स्टॉल करायची लायब्ररी. टेस्ट फेल झाली की काय बिघडलंय ते त्याच क्षणी कळलं पाहिजे, मला बाकी कशाशी देणंघेणं नाही. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला पाइपलाइन (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) लाल झाली, लॉग उघडला तर 'फॉल्स इज नॉट ट्रू'. बस, एवढंच! किती यायला हवं होतं, किती आलं, काही पत्ता नाही, मग प्रिंट टाका, परत चालवा, वाट बघा. शेवटी तीच टेस्ट पायटेस्टमध्ये साध्या असर्टने (ही अट खरी असलीच पाहिजे असं सांगणारी ओळ) लिहिली तर समोर आलं, असर्ट 1062 == 1180. आकडा बघितल्यावर डोक्यात लगेच प्रकाश पडला, 1000 वर 10 टक्के सूट कापली गेली आणि उरलेल्या 900 वर 18 टक्के जीएसटी लागला. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला सूटच नव्हती त्याला ती मिळत होती. पायटेस्ट टेस्टची फाइल इम्पोर्ट होतानाच असर्टची ओळ आतून बदलून घेतं, म्हणून त्याला दोन्हीकडच्या किमती दाखवता येतात.

कडूनिंब:
तुमचा त्रास समजतो, पण खापर भलत्याच्याच डोक्यावर फोडताय. 'फॉल्स इज नॉट ट्रू' येतं कारण फक्त खरं की खोटं एवढंच बघणाऱ्या असर्टट्रूमध्ये कुणीतरी तुलना कोंबलीये. तिथे दोन किमती ताडणारं असर्टइक्वल असतं तर युनिटटेस्टनेही 1062 != 1180 हेच छापलं असतं, लिस्ट किंवा डिक्शनरी असेल तर नेमका फरकही दाखवतो.

आता माझं दुखणं ऐका. पायटेस्टचे फिक्स्चर, म्हणजे टेस्टला लागणारी तयारी करून देणारी फंक्शनं. टेस्टच्या कंसात 'ग्राहक' असं नाव लिहिलंय, तो ग्राहक येतो कुठून? फाइलच्या वर इम्पोर्ट नाही, काही नाही. आमच्याकडे तीन फोल्डरला तीन कॉन्फटेस्ट फाइली (फोल्डरभरच्या टेस्टना लागणारे फिक्स्चर ठेवायच्या) होत्या आणि त्यातल्या दोघींमध्ये 'ग्राहक' होता, आतल्या फोल्डरचा बाहेरच्याला झाकत होता. वर तो सेशन स्कोपचा, म्हणजे सगळ्या टेस्टना मिळून एकच ऑब्जेक्ट. एका टेस्टने त्याचा पत्ता बदलला की पुढच्या चार पडायच्या, आणि एकेकटी चालवली की सगळ्या पास. नवीन आलेल्या मुलीचे दोन दिवस गेले त्यात. युनिटटेस्टमध्ये सेटअप, म्हणजे टेस्टआधीची तयारी, त्याच क्लासमध्ये, डोळ्यासमोर असतो हो.

रात्रपाळी:
असर्टट्रूची चूक मान्य. पण ती चूक होते कारण असर्टइन, असर्टइजनन, असर्टऑलमोस्टइक्वल अशी लांबलचक यादी लक्षात ठेवावी लागते. हे सगळं जावाच्या जेयुनिटवरून आलंय, 2001 मध्ये पायथॉन 2.1 सोबत आत शिरलं, नावंसुद्धा अजून जावाच्या वळणाची. पायटेस्टमध्ये एक असर्ट आला की बहुतेक काम भागतं. आणि फिक्स्चरचा क्रम कळत नसेल तर सेटअप-शो फ्लॅग लावून चालवा, कुठलं फिक्स्चर कधी उभं राहिलं, कधी मोडलं सगळं ओळीने छापतं. शिवाय युनिटटेस्टचा सेटअप मध्येच फुटला तर टेअरडाउन (नंतरची आवराआवर) चालतच नाही, अर्धवट उघडलेली टेंपररी फाइल तशीच पडून राहते. त्याचं काय?

कडूनिंब:
त्यासाठी अ‍ॅडक्लीनअप आहे ना, पायथॉन 2.7 पासून आहे. सेटअप फुटला तरी तो चालतो. लोक वापरत नाहीत ही गोष्ट वेगळी.

मधलीसुट्टी:
मध्येच बोलतो. आमच्याकडे जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) आहे, 1400 च्या आसपास टेस्ट, सगळ्या जँगोच्या टेस्टकेस या क्लासवर, आणि तो स्वतः युनिटटेस्टवरच उभा आहे. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालते आणि शेवटी रोलबॅक होते, म्हणजे डेटाबेसमधले बदल पुसले जातात, ही सोय आम्हाला सोडायची नव्हती. म्हणून एकही ओळ न बदलता फक्त चालवायला पायटेस्ट घेतलं, पायटेस्ट-जँगो हे प्लगइन टाकलं आणि एक्सडिस्ट नावाच्या दुसऱ्या प्लगइनने चार प्रोसेसवर वाटून दिलं. जुन्या टेस्ट तशाच चालल्या. फटका एकाच ठिकाणी बसला, एका पोराने जुन्या क्लासमध्ये पॅरामीट्राइज (एकच टेस्ट वेगवेगळ्या इनपुटवर चालवायची पायटेस्टची सोय) वापरायला घेतलं आणि टेस्टला आर्ग्युमेंटच मिळेना. टेस्टकेसपासून निघालेल्या क्लासमध्ये ते चालत नाही, तिथे युनिटटेस्टचा सबटेस्टच वापरायचा, तो पायथॉन 3.4 पासून आहे. त्यामुळे रात्रपाळी, नवीन सर्व्हिसला पायटेस्ट घ्या पण एकाच फाइलमध्ये दोन्हीची खिचडी करू नका.

कडूनिंब:
हे पटलं. फक्त एक, माझ्या एका क्लायंटकडे सर्व्हरला इंटरनेट नाही, प्रत्येक पॅकेजला मंजुरी लागते. पायटेस्ट म्हणजे त्याच्यासोबत प्लगी, इनीकॉन्फिग, पॅकेजिंग हेही आलेच, एकेकाचा वेगळा फॉर्म. तिथे मी युनिटटेस्टच वापरणार, त्यात मला कमीपणा वाटत नाही.

रात्रपाळी:
तिथे बरोबरच आहे तुमचं. आमच्याकडे तशी अडचण नाहीये, म्हणून उद्या सिनियरना दोन अटींसह विचारते, फिक्स्चर ज्या फाइलला लागतं त्याच फाइलमध्ये राहील, आणि टेस्टमधून ज्यात बदल होऊ शकतो अशा कशालाही सेशन स्कोप नाही. तुमच्या 'ग्राहक'चा किस्सा पण सांगणारे त्यांना.