मदत हवी आहे: चिकन खाल्लंय, बर्ड फ्लूची टेस्ट सोलापुरात कुठं होते?

धाकटी_सून | सोमवार, रात्री ९:४८
अर्जंट आहे. काल दुपारी घरात चिकन झालं. पाच जणांनी खाल्लं, त्यात माझी दोन पोरं, ६ आणि ९ वर्षांची. आज ग्रुपवर व्हिडिओ आलाय की चिकन खाल्लं की आठ दिवसांत फुप्फुसं निकामी होतात. रक्त तपासून कळतं का? कुठली लॅब, किती पैसे? पोरांना आधीच गोळ्या सुरू करू का, मेडिकलवाला ओळखीचा आहे. 'काळजी करू नका' असलं कृपया लिहू नका, माहिती असेल तरच लिहा.

कडक_भाकरी | ९:५५
काळजी करू नका.

लेअरवाला_मोहोळ | १०:०२
आधी तो व्हिडिओ डिलीट करा ताई. कुणाला पुढं तर पाठवला नाही ना? माझ्याकडं ४००० लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या आहेत. २००६ ला नवापूरला रोग निघाला, तिथनं आम्ही कुठं, पण इथं अंडं फुकट दिलं तरी कुणी घेईना. ७० डिग्रीला हा विषाणू मरतो. आपल्याकडं रस्सा रटरट उकळतो. शिजवलेलं खाऊन होत नाही. विषय संपला.

गड्ड्याची_जत्रा | १०:०६
चिकन दुकानातलं का फ्रोजन? कुणाला ताप, खोकला?

धाकटी_सून | १०:०९
दुकानातलं नाही, घरचंच. पोरं खेळतायत, ताप नाही. लॅबचं कुणी सांगणार का?

ज्वारी_मंगळवेढा | १०:१२
म्हणून म्हणतो मांसाहार सोडा. शाकाहाराला कुठलाच फ्लू नाही. भाकरी, शेंगाचटणी, वर ग्लासभर दूध.

गड्ड्याची_जत्रा | १०:१५
दुधाचंच बोलायचं तर अमेरिकेत २०२४ पासून गायींना हाच बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू लागलाय, कच्च्या दुधात विषाणू निघाला. आता दूध पण सोडताय का?

ज्वारी_मंगळवेढा | १०:१६
आमच्या घरात दूध तापवूनच पितात.

गड्ड्याची_जत्रा | १०:१६
त्यांच्या घरात चिकन पण तापवूनच खातात की ओ.

आजीचा_बटवा | १०:२१
चक्रफुलाचा काढा द्या पोरांना. फ्लूवरची टॅमीफ्लूची गोळी चक्रफुलापासूनच बनते, हे कंपन्या सांगत नाहीत. काळ्या मसाल्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतोय.

फार्मासिस्ट_कंपाउंडर_नव्हे | १०:३०
कंपन्यांनी कधी लपवलं नाही. चक्रफुलातून शिकिमिक आम्ल काढतात, त्यावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया झाल्यावर ओसेलटामिवीर, म्हणजे टॅमीफ्लूतलं औषध तयार होतं. सरकी चावली म्हणून अंगावर सोलापुरी चादर येत नाही.
ताई, रक्त तपासून हे कळत नाही. नाका-घशातला स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करतात, तेही लक्षणं असतील आणि आजारी पक्ष्याशी संबंध आला असेल तर. मनात आलं म्हणून लॅबमध्ये जाऊन करायची टेस्ट नाही ही. गोळ्याही चिठ्ठीशिवाय नकोत. गरज असेल त्याला पहिल्या ४८ तासांत मिळाल्या तर जास्त उपयोग होतो, पण ती गरज आहे का हे डॉक्टर ठरवणार, मेडिकलवाला नाही. मी स्वतः मेडिकलवाला आहे म्हणून सांगतोय.

गावरान_प्रेमी | १०:३४
घरचं म्हणजे गावरान ना? मग निर्धास्त झोपा. गावरान कोंबडीला बर्ड फ्लू होतच नाही. ब्रॉयलरला इंजेक्शनं मारमारून ताकद राहत नाही, हा रोग त्यांचा. शिवाय सोलापूरचं ऊन! ४२ डिग्रीत कसला व्हायरस जगतोय बे.

लेअरवाला_मोहोळ | १०:४१
आलं का इंजेक्शन! तुमची गावरान उकिरड्यावर, ओढ्यावर हिंडणार, बगळ्या-बदकांनी घाण केलेल्या पाण्यात चोच घालणार. माझ्या शेडला जाळी आहे, दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय माझा भाऊसुद्धा आत येत नाही. रोग कुणाला आधी होईल? आणि उन्हाचं म्हणाल तर मार्च २०२५ ला सिद्धेश्वर तलाव अन् कंबर तलावाच्या काठी कावळे पडले ते काय थंडीनं?

दुर्बीण_हिप्परगा | १०:५०
कावळ्यांवरून आठवलं, त्या वेळी लोक तळ्यावरच्या पाखरांना दगड मारून हाकलत होते. असं करू नका. हाकललेला पक्षी रोग घेऊन दुसऱ्या पाण्यावर जातो, आणि मेलेल्याला हात लावणारे आपणच असतो. नागपूरला गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले, संशय कच्च्या चिकनवर होता. घरच्या मांजराला कच्चे तुकडे टाकत असाल तर बंद करा.
बाय द वे, घरच्या कोंबड्या किती? बाकीच्या बऱ्या आहेत का?

धाकटी_सून | १०:५८
विचारलं काय, चाललंय काय! मांजर नाही आमच्याकडं. कोंबड्या सात होत्या, देगावला, आत्यांच्या परड्यात. तीन गुरुवार-शुक्रवारी मेल्या. चौथी मान टाकून गुंगत होती, म्हणून शनिवारी संध्याकाळी आत्यांनी मरायच्या आत कापली. वाया कशाला घालवायची. तीच काल इकडं आणून केली. आता पोरांचं सांगा.

कडक_भाकरी | ११:००
अरे देवा.

फार्मासिस्ट_कंपाउंडर_नव्हे | ११:०१
हे पहिल्या ओळीत लिहायचं ओ ताई. कापली, सोलली, साफ केली ती सगळी आत्यांनीच का? मेलेल्या तीन कुणी उचलल्या? आत्यांची तब्येत कशी आहे?

गावरान_प्रेमी | ११:०३
आत्या म्हणजे वडिलांची बहीण?

धाकटी_सून | ११:०७
सासूबाई. आमच्यात आत्याच म्हणतात. सगळं त्यांनीच केलं, पिसंसुद्धा. पण त्यांचा यात संबंध नाही, त्या रविवार धरतात खंडोबाचा, एक तुकडा तोंडात घातला नाही. आज सकाळपासून त्यांचा एक डोळा लाल आहे आणि अंग कसकसतंय, पण ते पिसं जाळताना धूर गेला म्हणून.

फार्मासिस्ट_कंपाउंडर_नव्हे | ११:१२
ताई, उलटं धरून बसलात. पोरांनी शिजलेलं खाल्लं, त्यांची काळजी सगळ्यात कमी. हा विषाणू माणसात शिरतो तो नाका-तोंडातनं आणि डोळ्यांतनं, आजारी पक्ष्याचं रक्त, विष्ठा, पिसं हाताळताना. अमेरिकेत गोठ्यांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ताप किरकोळ आणि डोळेच लाल, असंच झालं. धूर असेलही, पण घरी बसून ते ठरवू नका. मास्क लावून त्यांना आत्ताच सिव्हिलला न्या, आणि केसपेपर काढतानाच सांगा की मेलेल्या कोंबड्या हाताळल्यात. ते नाही सांगितलं तर साधा ताप म्हणून परत पाठवतील. स्वॅब पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे विषाणू संस्थेत जातो. भारतात या रोगानं माणसं दगावलेली फार नाहीत, २०२१ मध्ये एम्समध्ये एक मुलगा गेला होता. पण जगात २००३ पासून हजाराच्या आसपास लोकांना झाला, त्यातले जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. व्हायला अवघड, झाला तर वाईट.

लेअरवाला_मोहोळ | ११:२०
मघाशी 'विषय संपला' म्हणालो ते खाण्यापुरतं होतं. ताई, मानमोडी म्हणजे राणीखेतपण असू शकते. त्यातही कोंबड्या अशाच मान टाकतात, हिरवं हगतात. नुसतं बघून मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही, नमुना भोपाळच्या लॅबला गेला तरच खरं कळतं. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. उरलेल्या कापू नका, विकू नका, पाहुण्यांना देऊ नका. मेलेल्या कुठं टाकल्या? नाल्यात असतील तर गप तसं सांगून टाका.

ज्वारी_मंगळवेढा | ११:२४
कळवलं की सगळ्या कोंबड्या मारतात आणि हातावर काहीच ठेवत नाहीत.

लेअरवाला_मोहोळ | ११:२७
सरकारनं मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते. आपोआप मेलेल्याची नाही. म्हणजे लपवून थांबलात तर रोज एकेक कोंबडी फुकट जाणार. हिशोब तुम्हीच करा.

बार्शी_ते_पुणे | ११:३५
वरचं सगळं वाचलेलं नाही. हाफ फ्राय अंडं चालतं का? आणि फ्लूची लस घेतलीय गेल्या महिन्यात, म्हणजे मी सेफ ना?

गड्ड्याची_जत्रा | ११:३८
बलक घट्ट होऊ द्या. आणि ती लस माणसांच्या दरवर्षीच्या फ्लूची, कोंबड्यांच्या नाही. आता वरचं सगळं वाचा.

धाकटी_सून | बुधवार, दुपारी ३:१५
अपडेट. रात्रीच सिव्हिलला नेलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, कोंबडी कापली कुणी? खाल्ली कुणी हे विचारलंच नाही. नाक, घसा, डोळा, तिन्हीकडचा स्वॅब घेतला. पाच दिवसांच्या गोळ्या सुरू केल्यात, रिपोर्ट यायचाय. ताप आज उतरलाय, डोळा अजून लाल. पोरांना गोळ्या नाहीत, दहा दिवस लक्ष ठेवा म्हणाले. देगावला पशुवैद्यकीय खात्याची माणसं येऊन उरलेल्या तीन कोंबड्यांचे नमुने घेऊन गेली. मेलेल्या तीन नाल्यातच टाकल्या होत्या, दीरानं शोधल्या, दोनच सापडल्या. त्या चुना टाकून पुरल्या. आत्या माझ्याशी बोलत नाहीयेत, साध्या धुराचा गावभर बोभाटा केला म्हणून.
एक राहिलंच. त्या कोंबडीचं निम्मं मटण कच्चंच फ्रीजरला ठेवलंय, दुधाच्या पिशव्यांशेजारी. चार दिवस गोठलंय म्हणजे आता तरी करून खायला हरकत नाही ना?

फार्मासिस्ट_कंपाउंडर_नव्हे | ३:१७
ताई!! फ्रीजरमध्ये विषाणू मरत नाही, उलट टिकतो. हात लावू नका. सिव्हिलमधनं कुणी फोन नंबर दिला असेल तर आधी त्यांना सांगा.

कडक_भाकरी | ३:१८
अजून काही सांगायचं राहिलंय का?