आप्पांचा माळा काजूवरून खाली कसा आणायचा?

खाचरातली
राजापूर तालुक्यात आमचं भात अगदी डोंगराला लागून आहे. लोंब्या भरल्या की डुकरं उतरतात, म्हणून आप्पा (वय 71) रात्री माळ्यावर, म्हणजे मचाणावर, राखणीला. माळा बांधावरच्या काजूवर, बारा फुटांवर. गेल्या ऑक्टोबरात पहाटे उतरताना शिडीची पायरी निसटली. सुंभ कुजला होता. मनगट मोडलं ते मोडलं, वर मोबाईल माळ्यावरच राहिला. मी डोंबिवलीहून रोज सहाला फोन करते. तो डोक्यावर वाजतोय आणि हे खाली चिखलात बसून ऐकतायत! शेजारचे काका गुरं सोडायला आले तेव्हा कुठे कळलं.

यंदा पुन्हा बसणारच म्हणतात. ऑनलाइन परदेशी शिकाऱ्यांची लोखंडी शिडी-खुर्ची दिसली, झाडाला पट्ट्यांनी बांधायची. ती घेऊ का? शिकार करायची नाही हो, 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आप्पांना तोंडपाठ आहे. फक्त राखण.

कुडाळचो
ताई, पयली गोष्ट, काजीवर माळो बांधूचो नाय. ता लाकूड सांगान मोडणा नाय.
आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. या वयात झाडच नको. ऐनाच्या किंवा किंजळीच्या चार मेढी दोन फूट पुरा, बुडाशी दगड ठेचून घ्या, वर माणग्याच्या (बांबूच्या) काठ्या. पाच फूट उंची पुष्कळ झाली, डुक्कर काही वर चढत नाही. सुंभ बाहेरून धड दिसतो, आत भुसा झालेला असतो, नटबोल्ट मारा. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की भात गेलं तरी चालेल, घरी यायचं. आणि आजूबाजूला कोणी कुंपणात थेट घरची लाइन सोडतं का, ते आधी विचारा. त्याने माणसं मेलीत. झटका मशीन वेगळं, ते ठोका देऊन सोडून देतं.

चिपळूण ते मॅडिसन
तुम्ही पाहिलेली खुर्ची इथे विस्कॉन्सिनात घरोघरी. नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा मोसम असतो, आमचं अर्धं ऑफिस रानात. मी मित्राबरोबर नुसता थर्मास घेऊन बसतो. खुर्ची वाईट नाही, पण लोक पडतात ते बहुतेक चढता-उतरताना, आप्पांसारखेच. म्हणून अंगातला सुरक्षा-पट्टा वर बसल्यावर नाही, जमिनीवरच चढवायचा, आणि तोही खांदे-मांड्यांतून जाणारा. नुसता कमरेचा पट्टा घातलेला माणूस लटकला तर श्वास कोंडतो. शिडीशेजारी वरपासून खालपर्यंत एक दोर सोडतात, त्यावर सरकणारी गाठ, तिला पट्टा अडकवायचा. ती आपल्याबरोबर वर येते. हात मोकळे हवेत, सामान नंतर दोरीने ओढून घ्यायचं. झाडाचे पट्टे वर्षभर बांधून ठेवले तर उन्हाने झिजतात आणि झाड जाड होऊन ते ताणतं. एवढी यातायात आप्पा रोज रात्री करतील? मला नाही वाटत. कुडाळकरांचंच ऐका.
एक मात्र इथलं उचला: कमरेवरचे निम्मे तरी कपडे झगझगीत केशरी लागतात, 2016पासून गुलाबीही चालतो. तुमच्याकडे शेती संरक्षणाच्या बंदुका असतात ना? मग अंधारात काळं घोंगडं पांघरून बांधावर हलणारा माणूस कसा दिसत असेल, विचार करा.

पाणवठ्यावरचा
मी लपणात बसून फोटो काढतो, म्हणजे आप्पांच्या उलट. मला जनावराला कळू द्यायचं नसतं, त्यांना कळवायचं असतं. आपल्याकडे रात्री मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे सुटतो. डुकरंही डोंगराकडूनच येतात, त्यामुळे समुद्राच्या अंगाला माळा असेल तर आप्पांचा वास त्यांना लागतच नाही. माझ्यासाठी ती जागा सोन्यासारखी, राखणीला बिनकामाची. माळा डोंगराकडच्या टोकाला न्या. शेकोटीही तिकडेच, धूर भातावरून जाऊ दे. पायथ्याशी पालापाचोळा ठेवू नका, फुरसं दिसत नाही.

खाचरातली
सगळं आप्पांना वाचून दाखवलं. "पाच फुटांचा असेल तर त्याला ओटा म्हण, माळा नको म्हणू." पण उद्या मेढी येतायत, डोंगराकडच्या टोकाला. वाऱ्याचं त्यांना पटलं. म्हणे, काजूखालीच दरवर्षी जास्त नासधूस व्हायची. केशरी टोपी घालतील. मोबाईल गळ्यात अडकवायला मात्र ठाम नकार, "मी काय बैल आहे?" शर्टाला आतून खिसा शिवतेय.