आठवीला आरक्षण शिकवायचंय, कुणाला न दुखावता. कसं?

रंकाळाकाठ:
२६ जूनला शाहू महाराजांची जयंती, म्हणजे सामाजिक न्याय दिन. नुसती भाषणं नकोत, एक खरा तास घ्यायचाय. ३५ मिनिटं, पट ५२. अडचण अशी की 'आरक्षण' शब्द निघाला की मागच्या बाकांवरून 'त्यांना सगळं फुकट' येतं आणि चार-पाच मुलं मान खाली घालतात. तास कसा बांधू? कुणाला भरून आलं तर?

इतिहासाचा तास:
सर, सुरुवात आरक्षणापासून करूच नका. फळ्यावर शाहूंच्या कोल्हापूर संस्थानातल्या १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या नियमातलं एवढंच लिहा: 'पोराला शाळेत पाठवलं नाही तर महिना १ रुपया दंड.' शिक्षण मोफत असूनही घरचे का पाठवत नसतील? गुरं राखायची, धाकटं भावंड सांभाळायचं, शाळेत वेगळं बसवायचे, मुलंच सांगतात. पंधरा मिनिटं त्यात जाऊ द्यात.

मग मागं या, शाहूंच्या २६ जुलै १९०२ च्या हुकुमाकडं: संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्यांना. मागासलेले कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. वर्गातल्या बहुतेकांचे खापरपणजोबा त्यात बसतात. कुणाचे, ते विचारायचं नाही. मागचा बाक आपोआप गप्प होतो.

समुपदेशन_कोपू:
'ज्यांच्या घरी अमुक आहे त्यांनी एक पाऊल पुढं या' हा खेळ घेऊ नका. आडनावं सगळ्यांना पाठ असतात, मागं राहिलेला वर्षभर तिथंच उभा राहतो. स्वतःचे अनुभव सांगायलाही लावू नका.

खरी जखम तासात कमी, शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या वेळी जास्त होते. 'एससीवाले उभे राहा' बंद. यादी जनरल रजिस्टरवरून काढा आणि घडी घातलेली चिठ्ठी ज्याच्या-त्याच्या हातात द्या.

भरून आलं तर वर्गासमोर 'काय झालं?' नको, 'पाणी पिऊन ये' म्हणा. तासानंतर व्हरांड्यात बोला, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही असं. 'एवढं काय मनावर घेतेस' टाळा. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्दही देऊ नका, कारण लैंगिक छळाची गोष्ट निघाली तर पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, हे बहुतेकांचं राहून जातं.

रंकाळाकाठ:
कोल्हापूरच्या दसरा चौकातली शाहूंच्या काळातली बोर्डिंगं, म्हणजे जातवार वसतिगृहं, दाखवायला न्यावं म्हणतोय. 'जातवार का?' असं विचारतीलच की.

इतिहासाचा तास:
विचारू द्यात. शाहूंनी आधी सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढलं होतं, त्यात उच्चवर्णीयच उरले. म्हणून १९०१ पासून वेगळी. पण १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलं एकत्र बसवली. वसतिगृहं वेगळी, शाळा एक; का, ते पोरांनाच भांडू द्यात. आणि २६ ला नेऊ नका. चौकात त्या दिवशी हार आणि मिरवणुकांची गर्दी, ५२ पोरं सांभाळायची कशी? जुलैतला शनिवार बघा.